भंगारात निघालेलं कुट्टी मशीन

संध्याकाळची वेळ आहे. कुणी भाकरी थापत असेल, कुणी धार काढायला बसली असेल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे असू द्या. आज आम्ही आपल्या गोठ्यातल्या एका जुन्या वस्तूविषयी बोलणार आहोत. हाताने चाक फिरवून कडबा कापायचं, ते बिडाचं जड मशीन. कुणी त्याला कडबाकुट्टी म्हणतं, कुणी नुसतं कुट्टी.

आमच्या बचत गटाकडे अशी नऊ मशिनं गोळा झाली आहेत. त्यातलं एकही नवं घेतलेलं नाही. एक गोठ्यामागे बाभळीखाली पडलेलं होतं, एक पडक्या भिंतीच्या मातीत अर्धं दबलेलं होतं, दोन तर भंगारवाल्याच्या गाडीवरून खाली उतरवून घेतली. लोक विचारतात, बायांनो, पापड-कुरडया सोडून हे गंजकं लोखंड कशाला जमवताय? त्याचं उत्तर आज तुम्हाला सांगायचं आहे.

आधी या मशीनचं आपल्याला काम काय ते बघू. आपल्या नाशिक जिल्ह्यात इगतपुरी-पेठकडे पाऊस धो धो पडतो, पण सिन्नर, येवला, चांदवड, नांदगाव, मालेगाव हा सगळा कमी पावसाचा भाग. इथे दिवाळीनंतर चारा मोजून वापरावा लागतो. मक्याची किंवा बाजरीच्या सरमाडाची अख्खी पेंडी गव्हाणीत टाकली, तर गाय पाला ओढून खाते आणि जाड धांडं पायाखाली तुडवते. सकाळी ते धांडं झाडून उकिरड्यावर जातं. तेच धांडं बोटाच्या पेराएवढं बारीक कापलं, तर गाय पाला आणि धांडं वेगळं करत बसत नाही, सगळंच खाते. मुरघास करायचा तरी चारा आधी बारीकच कापावा लागतो. लांब चारा नीट दाबला जात नाही, आत हवा राहते आणि बुरशी धरते. ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी या कुट्टीवर ठरतं की गाय दावणीला राहणार की बाजारात जाणार.

मशीन यायच्या आधी कडबा ओंडक्यावर ठेवून कुऱ्हाडीने नाहीतर कोयत्याने तोडायचे. ते काम किती हात भरून आणणारं होतं, हे आपल्या सासवांना विचारा.

या यंत्राला आपल्या मराठी मुलखात जुना इतिहास आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव तुम्ही पंपावर, इंजिनावर वाचलेलं असेल. त्यांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं होतं. पुढे तिथेच छोटा कारखाना घालून त्यांनी शेतकऱ्यासाठी यंत्रं बनवायला घेतली. त्यातलं सुरुवातीचं यंत्र म्हणजे हे कडबा कापायचं यंत्र. लोखंडी नांगर त्याच्यानंतरचा. त्या नांगराची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. लोखंड लागलं की जमिनीत विष उतरतं, असं तेव्हाचे शेतकरी मानत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली म्हणतात. पुढे बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ त्यांना दिला. निवडुंग माजलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. आणि एक गंमत बघा. ज्या घराण्याने कडबा कापायचं यंत्र बनवलं, त्याच घराण्याने १९३० साली किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' हे बायकांसाठीचं मासिक काढलं. पण यंत्र बनवणारा वेगळा आणि रोज त्याच्या तोंडात चारा सरकवणारी वेगळी. चारा सरकवणारी बहुतेक वेळा आपणच असतो.

आता आमची गोष्ट.

आमच्या गटातल्या एका ताईची मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. शाळेतून आल्यावर ती कुट्टीला चारा लावायची आणि तिचा धाकटा भाऊ चाक फिरवायचा. घरोघरी चालतं तसंच. एक दिवस मक्याचं धांडं तोंडात अडकलं. भावाने चाक थांबवलं. मुलीने अडकलेलं धांडं काढायला हात आत घातला. भावाला वाटलं, निघालं. त्याने चाकाला झोका दिला. मुलीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली.

त्या दिवशी गावात जे बोललं गेलं, ते आम्हीही बोललो. वेळच वाईट होती. नशिबात होतं. आजीने सांगून टाकलं की ही अवदसा दारात नको, भंगारात द्या. दुसऱ्या आठवड्यात भंगारवाल्याची गाडी आली. मशीन सुटं करून गाडीवर चढवलंसुद्धा. तेवढ्यात मुलीची आई बाहेर आली आणि म्हणाली, "खाली उतरवा. मला हे उघडून बघायचंय."

आम्हाला वाटलं, दुःखाने बोलतेय. पण ती खरंच पाना घेऊन बसली. तिला एकटीला बसू द्यायचं नाही, म्हणून आम्ही चौघी-पाचजणी जाऊन बसलो. गावातले लोहारकाका म्हातारे झालेत, भाता कधीचा बंद आहे. त्यांना बोलावून आणलं. ते बाजेवर बसून सांगत होते आणि आम्ही खोलत होतो. जन्मभर ते मशीन वापरलं, पण त्याच्या पोटात काय आहे ते त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

आत फार काही नसतं, बायांनो. एक मोठं चाक, त्याच्या आऱ्यांवर बसवलेली दोन वाकडी पाती. चाऱ्यासाठी पुढे पत्र्याची किंवा लाकडाची पन्हळ. पन्हळीच्या टोकाला दोन दातेरी रोलर, एकावर एक, उसाच्या रसाच्या गाड्यावर असतात तसे. चाक फिरलं की गिअरवरून हे रोलर फिरतात आणि चारा आत ओढतात. रोलरच्या पुढे लोखंडी तोंड, त्याला आम्ही जबडा म्हणतो. चारा जबड्यातून बाहेर आला की पातं येऊन तो कापतं. वरच्या रोलरवर स्प्रिंग असते. पेंडी जाड असली की रोलर वर उचलला जातो आणि स्प्रिंग त्याला परत खाली दाबते. बस, एवढंच.

लोहारकाकांनी पात्यावरून अंगठा आडवा फिरवला आणि विचारलं, "याला धार कधी लावली होती?" कुणालाच आठवेना. पात्याची कड विळ्याच्या पाठीसारखी झाली होती. पातं आणि जबडा यांच्यात फट एवढी की करंगळीचं नख जाईल. वरच्या रोलरची एक स्प्रिंग तुटलेली, तिच्या जागी कुणीतरी सुतळी बांधलेली.

मग काकांनी बोलत बोलत सगळं उलगडलं. धार नाही म्हणून चारा कापला जात नव्हता, नुसता चेंगरून फटीत बसत होता. स्प्रिंग नाही म्हणून रोलर चारा ओढत नव्हता. रोलर ओढत नाही म्हणून पोरगी हाताने ढकलत होती. रोज थोडं थोडं पुढे. म्हणजे त्या दिवशी हात आत गेला तो काही एकदम गेला नाही. दोन वर्षं तो पुढे पुढे सरकत होता.

आम्ही गप्प बसलो. मुलीची आई एवढंच म्हणाली, "म्हणजे नशीब नव्हतं. सुतळी होती."

मैत्रिणींनो, आमचं काम तिथून सुरू झालं. एरवी आपल्याला वाटतं की धारदार पातं वाईट आणि बोथट पातं बिनधोक. मशीनमध्ये नेमकं उलटं असतं. पात्याला धार असेल तर चारा आपसूक जातो आणि हात लांब राहतो. पातं बोथट असलं की हात जवळ बोलावतं. ही एक गोष्ट कळली आणि आम्ही गावातलं प्रत्येक मशीन बघायला लागलो.

आता दुरुस्ती कशी करतो ते सांगतो. घरी करता येण्यासारखं आहे.

पहिलं काम म्हणजे मशीन स्वच्छ करायचं. वर्षानुवर्षांचं तेल, भुसा आणि माती बसून त्याचा काळा थर झालेला असतो. तो लाकडाच्या चिपेने खरवडायचा आणि डिझेलच्या बोळ्याने पुसायचा. गंजलेल्या बोल्टावर जोर करायचा नाही. डिझेल टाकून रात्रभर ठेवायचं, सकाळी हलक्या हाताने ठोकून मग पाना लावायचा. घाई केली की बोल्टाचं डोकं तुटतं आणि काम दुप्पट होतं. दांड्याच्या दोन्ही बाजूंना तेल सोडायची बारीक भोकं असतात. जुन्या मशीनमध्ये ती मातीने बुजलेली असतात, म्हणून तेल वरून ओतलं तरी आत जात नाही. तारेने ती मोकळी करायची. निम्म्या मशिनांचं जडपण एवढ्यानेच जातं.

दुसरं काम, चाक तपासायचं. चाक बिडाचं असतं. बीड कडक, पण ठिसूळ. पडलं, आदळलं की तडा जातो, आणि रंगाखाली तो दिसत नाही. बाजारात माठ घेताना आपण काय करतो? बोटाने वाजवतो. इथेही तेच. चाक काढून दोरीला टांगायचं आणि छोट्या हातोडीने हळू वाजवायचं. खणखणीत आवाज आला तर चाक चांगलं. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. तडा गेलेलं चाक वापरायचं नाही. बिडाला साधं वेल्डिंग टिकत नाही, शेजारी नवा तडा जातो. कुणी म्हटलं, "ताई, एक टाका मारून देतो," तरी ऐकू नका.

तिसरं, धार. पात्याची एक बाजू सपाट असते आणि एक उतरती. सपाट बाजू जबड्याकडे असते. धार फक्त उतरत्या बाजूने लावायची. सपाट बाजू घासली की पातं जबड्याशी कधीच नीट बसत नाही. विजेच्या सहाणेवर लावायची असेल तर थोडं थोडं घासायचं आणि पाण्यात बुडवत राहायचं. पातं तापून निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं, असं लोहारकाका म्हणतात. मग ती धार दोन दिवसही टिकत नाही. आम्ही हाताने, दगडावर पाणी टाकून लावतो. वेळ लागतो, पण पातं बिघडत नाही. आणि दोन्ही पाती सारखीच घासायची. एक हलकं झालं की चाक डुलतं आणि सगळे बोल्ट सैल करतं.

चौथं, पातं बसवायचं. पात्याच्या मागे ते पुढे-मागे करायचे बोल्ट असतात. पातं जबड्याला लागू नये, पण फटही राहू नये. परीक्षा सोपी आहे. वर्तमानपत्राची लांब पट्टी काठीच्या टोकाला लावून जबड्यात धरायची आणि दुसरीने चाक सावकाश फिरवायचं. कागद कात्रीने कापल्यासारखा कापला गेला पाहिजे. दुमडून आत गेला तर फट आहे. करकर आवाज आला तर पातं घासतंय. हे पात्याच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये, असं तीन ठिकाणी बघायचं. मग बोल्ट पक्के आवळायचे. आठ दिवस काम झाल्यावर परत एकदा आवळायचे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मशीन दुरुस्त झालं म्हणजे धोका संपला असं नाही. त्यासाठी आम्ही प्रत्येक मशीनला दोन गोष्टी लावल्याशिवाय ते गोठ्यात परत जाऊ देत नाही.

एक म्हणजे साखळी आणि कुलूप. सायकलला लावतो तसं. चाकाच्या आऱ्यातून साखळी घालून मशीनच्या पायाला बांधायची. काम संपलं की कुलूप, आणि चारा अडकला तरी आधी कुलूप, मग हात. किल्ली चारा लावणारीच्या कमरेला. चाक फिरवणाऱ्याकडे नाही, चारा लावणारीकडे. जिचा हात आत जाणार, तिच्याच ताब्यात चाक.

दुसरी म्हणजे पन्हळीवर झाकण. मळणी यंत्रांनी देशभर कितीतरी माणसांचे हात नेले. त्यासाठी १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदासुद्धा झाला. मळणी यंत्राच्या तोंडाचं माप ठरलेलं आहे. पन्हळ निदान ९० सेंटीमीटर लांब आणि यंत्राकडचा निम्मा भाग, म्हणजे ४५ सेंटीमीटर, वरून झाकलेला. ४५ सेंटीमीटर म्हणजे किती? कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. आपल्या आज्या ज्याला एक हात म्हणायच्या तेवढं. झाकण एक हात लांब असलं की आतल्या रोलरपर्यंत बोटं सहज पोचत नाहीत. आम्ही तेच माप कुट्टीला धरलं. जुन्या पत्र्याचं झाकण गावातच बनवून घेतो. लोक म्हणतात, झाकणाने काम हळू होतं. होतं थोडं हळू. होऊ द्या.

हा विचार आमच्या एकट्यांचा नाही. दिल्लीच्या आयआयटीतले प्राध्यापक दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातल्या गावांत जाऊन चारा कापायच्या यंत्रांच्या अपघातांचा अभ्यास केला होता. तिथेही जखमी होणाऱ्यांत लहान मुलं होती. काम करता करताच नाही, तर खेळता खेळतासुद्धा. उघडं फिरतं चाक बघून कुठलं पोर गप्प बसेल? म्हणून वापर नसताना चाक बांधून ठेवणं फार गरजेचं.

खरं तर कापणाऱ्या सगळ्याच यंत्रांची हीच तऱ्हा आहे. कापणं आधी येतं, जपणं मागून येतं. द्राक्षाची जुनी बाग तोडताना, बांधावरचं वाळलेलं झाड पाडताना पेट्रोलवरची साखळी करवत तुम्ही बघितली असेल. जर्मनीत आंद्रेयास श्टील यांनी १९२६ साली विजेवर चालणारी तशी करवत बनवली. पण करवत उसळून अंगावर आली तर साखळी आपोआप थांबवणारा ब्रेक आला तो १९७० नंतरच्या दशकात. मधल्या जवळपास पन्नास वर्षांत जी माणसं जायबंदी झाली, त्यांना त्या ब्रेकचा काही उपयोग झाला नाही. म्हणून जुनं यंत्र वापरायचं असेल, तर त्या काळात जे सुचलं नव्हतं ते आज आपण त्याला जोडायचं.

आता मोटरीचं बोलू, कारण हा प्रश्न आम्हाला दर आठवड्याला विचारला जातो. जुन्या हाताच्या मशीनला मोटर बसवून द्या ना! आम्ही बसवून देत नाही. हाताने चाक फिरवताना आपण थांबलो की चाकही लगेच थांबवता येतं. मोटरीला ओरडलेलं ऐकू येत नाही. आणि आपल्या पाण्याच्या पंपावर असते तशी साधी मोटर मिनिटाला चौदाशेच्या वर फेरे घेते. पुली चुकीची बसली की चाक फार जोरात फिरतं. वेग दुप्पट झाला की चाकाला फाडणारा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. चाळीस-पन्नास वर्षांचं बिडाचं चाक, त्याला कुठे बारीक तडा असला तर काय होईल, विचार करा. ज्यांच्याकडे आठ-दहा जनावरं आहेत, त्यांनी विजेचं नवं मशीनच घ्यावं. त्याला झाकण आणि रोलर उलटा फिरवायचा दांडा आहे का, हे बघून घ्यावं. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत कुट्टी मशीनला अनुदान मिळतं, त्यासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करतात. कृषी सहायकांना विचारा. पण ज्यांच्या दारात दोनच गाई आहेत आणि चारा कापायच्या वेळेला लाइट नसते, त्यांना हाताचं चांगलं मशीन पुरतं.

आमच्या नऊ मशिनांपैकी पाच चालू आहेत. ती आम्ही गरजेप्रमाणे घरोघर वापरायला देतो. बाकीची सुट्या भागांसाठी ठेवली आहेत. या मशिनांचे भाग एकमेकांना सहसा बसत नाहीत. कारण ती एका कारखान्यातली नाहीत. चाकावर किंवा अंगावर ओतीव अक्षरं असतात. आम्ही गंज घासून ती वाचतो. एका मशीनवर बटाला असं नाव निघालं. बटाला हे पंजाबातलं शहर, बिडाच्या ओतकामासाठी प्रसिद्ध. तिकडे याला टोका म्हणतात. पंजाबात ओतलेलं चाक सिन्नरकडच्या गोठ्यात कसं आलं असेल, यावर आमच्या दोन दुपारी गेल्या. एका मशीनचा गिअर झिजून दात गेले होते. तो कुठेच मिळेना. तेव्हा सुताराकडून लाकडाचा नमुना करून घेतला आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका ओतशाळेत तसा ओतून आणला. पहिला गिअर बारीक भरला. बीड थंड होताना आकसतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. नमुना थोडा मोठा करावा लागतो. दुसऱ्या खेपेला बसला. पैसे दोनदा गेले, पण शिकलो.

मध्यंतरी गटात एक वाद झाला, तोही सांगतो. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने ऐकलं की आमच्याकडे जुनी चाकं आहेत. त्याला ती भिंतीवर लावायला हवी होती. बैलगाडीची चाकं, जातं, कंदील लावतात तसं. भाव चांगला देत होता. गटाचा कर्जाचा हप्ता तोंडावर आला होता. निम्म्या जणी म्हणाल्या देऊन टाका, निम्म्या म्हणाल्या नाही. शेवटी असं ठरलं की ज्या दोन चाकांना तडे होते आणि जी कधीच फिरणार नव्हती, ती द्यायची. त्या पैशातून हप्त्याला हातभार लागला आणि पान्यांचा एक पूर्ण संच आला. भिंतीवर गेलेल्या चाकाने निदान कुणाचा हात जाणार नाही.

पण ज्या मशीनपासून सुरुवात झाली, ते त्याने मागितलं तेव्हा सगळ्यांनी एकदम नाही म्हटलं. ते मशीन आम्ही रंगवलेलं नाही, दुरुस्तही केलेलं नाही. बोथट पातं, ती फट, ती सुतळी, सगळं तसंच आहे. फक्त चाक साखळीने पक्कं बांधलेलं आहे. नवी बाई शिकायला आली की तिला आधी तेच दाखवतो. काय बिघडलंय ते तूच शोध, म्हणतो. आणि दाखवायचं काम त्या मुलीची आईच करते. बोलताना तिचा आवाज अजूनही मध्येच थांबतो. मग ती पाना हातात घेते आणि पुढे सांगते.

एक सूचना, जी कुणालाही न लागो. कधी बोट तुटलंच, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात वर ठेवा. हळद, चुना, माती काही लावू नका. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. तुटलेला भाग थेट बर्फात ठेवायचा नाही. १०८ ला फोन करा आणि लवकरात लवकर मोठ्या दवाखान्यात पोचा. आम्हाला हे त्या दिवशी माहीत नव्हतं.

तर मैत्रिणींनो, आज रात्री भाकरी झाली की बॅटरी घेऊन गोठ्यात जा. मशीनजवळ तीन गोष्टी बघा. पात्याला धार आहे का? कागद कापला जातो का? वापर नसताना चाक बांधलेलं आहे का? धार नसेल तर उद्या लावून घ्या. कागद दुमडत असेल तर पातं पुढे घ्या. साखळी नसेल तर आजच्या रात्रीपुरतं दावं घ्या आणि चाक मशीनच्या पायाला आवळून बांधा. गोठ्यात दावं तर असतंच.

आणि चारा कापताना पदर खोचून घ्या, सैल बांगड्या वर सरकवा, वेणी मागे बांधा. लहान मुलांना चाकाला लावू नका. आम्हीही लावत होतो, म्हणून सांगतो.

पुन्हा भेटू. नमस्कार.